झेलीनं दाखवलेला माणूस

मिलोच्या डोंगरावर राजाचा किल्ला वर्षानुवर्षं चढत होता, आणि तेवढ्या काळात त्यानं झेलीच्या घरातली तीन माणसं खाल्ली. आधी सासरा, मग थोरला दीर, शेवटी नवरा, आझोर.

गोऱ्या मालकांना समुद्रात लोटलं तेव्हा झेली पंधरा वर्षांची होती. त्या वर्षी हैतीभर एकच बोलणं चालायचं, आता कुणी कुणावर चाबूक उगारायचा नाही. मग आपल्यातलाच एक सेनापती राजा झाला. त्यानं ड्यूक नेमले, बॅरन नेमले, खाली मिलोत राजवाडा उठवला. पहाटे घंटा झाली की मळ्यात हजर व्हायचं आणि यादीत नाव आलं की डोंगरावर दगड वाहायला जायचं. चाबूक बंद झाला होता हे खरं. त्याच्या जागी काठी आली होती.

यादी वाचायचा लिंडोर. राजाच्या शाळेत शिकलेला, किरकोळ अंगाचा, हळू आवाजाचा कारकून. तो वाचायचा आणि मागे घोड्यावर बॅरन गास्पार बसलेला असायचा. किल्ल्याचं सगळं काम त्याच्या हुकमाखाली. पण घोड्यावरच्या माणसाचं तोंड कोण न्याहाळणार? लोकांच्या कानात बसला तो लिंडोरचा आवाज.

एका सकाळी आझोर तापानं फणफणला होता आणि नेमकं त्याचंच नाव आलं. झेली धावत लिंडोरसमोर गेली. "साहेब, उभं राहवत नाही हो त्यांना. आजचा दिवस सोडा."

लिंडोरनं कागदावरून नजर उचलली नाही. "नाव आलंय, बाई," एवढंच म्हणाला.

दुपारी आझोरला फळीवर घालून आणलं. वळणावर त्याचा पाय लटपटला, मागून दगड घसरला. तीन दिवस तो कण्हत होता, चौथ्या दिवशी गेला. झेली रडली नाही. हळू आवाजात 'नाव आलंय, बाई' म्हणणारं ते तोंड तिनं मनात कोरून ठेवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात राजा चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाच कोसळला. अर्धं अंग लुळं पडलं. आजवर त्याच्या नुसत्या खोकण्यानं गारठणारे शिपाई आपसात कुजबुजू लागले. एक पलटण फिरली, मग दुसरी फिरली. ऑक्टोबरात एका सकाळी झेलीचा धाकटा दीर बाझील दारात येऊन उभा राहिला. तो राजाच्या पहाऱ्यातला शिपाई. कोटावरची मुकुटाची बटणं त्यानं तोडून टाकली होती.

"वहिनी, संपलं! राजानं स्वतःला गोळी घालून घेतली! चल, वाडा उघडा पडलाय!"

अख्खं खोरं राजवाड्यावर लोटलं होतं. कुणी आरसे उतरवत होतं, कुणी पडदे ओढत होतं. एक म्हातारा राणीच्या मखमली खुर्चीवर पाय पसरून बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. झेलीनं कशाला हात लावला नाही. ती खोल्यांमागून खोल्या पालथ्या घालत होती. मागच्या एका खोलीत तिला लिंडोर सापडला. लपलेला नव्हता, कागदांचे गठ्ठे पोत्यात भरत होता.

"हाच तो!" झेली ओरडली. "नावं वाचणारा!"

आणखी काही सांगावं लागलंच नाही.

लिंडोरनं तिला ओळखलं. "तू आझोरची बायको ना? ऐक, मी त्याचं..." पुढचं त्याच्यावर तुटून पडलेल्या गर्दीत बुडालं. झेलीनं तोंड फिरवलं नाही. त्याचा एक बूट निघून दाराशी येऊन पडला तोही तिनं पाहिला.

ती बाहेर आली तेव्हा पायऱ्यांवर वेगळाच सोहळा चालला होता. बॅरन गास्पारनं छातीवरची फीत उपटून फेकली होती, राजाचं तळघर स्वतःच्या किल्लीनं उघडलं होतं आणि पिंपात डाव बुडवून तो लोकांना रम वाटत होता. "जुलमी राजा मेला! प्रजासत्ताकाचा विजय असो!" त्याचा आवाज घंटेसारखा खणखणीत. चौघांनी त्याला खांद्यावर घेतलं. वरूनच त्यानं झेलीपुढे वाटी धरली. "घे गं बहिणी, पी. तुझे दिवस आले."

घशाला कोरड पडली होती. झेली प्यायली.

दिवस आले, नाही असं नाही. ओढ्याकाठच्या बेवारशी तुकड्यावर तिनं सुरण लावला, केळी लावल्या, कॉफीची रोपं धरली. पहाटे घंटा होत नव्हती. ऊन तोंडावर येईपर्यंत झोपावं, आपल्या मनानं उठावं. पाच वर्षं असं चाललं.

सहाव्या वर्षी राजधानीतून कायदा आला. ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही त्यानं कुठल्या तरी मळ्याशी करार करायचा. परवाना नसेल तर मळा सोडायचा नाही. आणि क्रांतीतल्या सेवेबद्दल हे सगळं खोरं जनरल गास्पारला मिळालं होतं. हो, आता तो जनरल होता.

निरोप घेऊन बाझील आला. त्याला ग्रामपोलिसात घेतलं होतं.

"कागद दाखव, वहिनी."

"कागद कसला? या भुईला विचार, कुणी खणलं तिला."

"भुईला वाचता येत नाही."

"तुला येतं वाटतं?"

"मलाही नाही. म्हणून तर नोकरी दिली." तो कसनुसा हसला. "करारावर अंगठा उठव गं. मला तरी कुठे हौस आहे?"

"त्या लिंडोरसारखाच झालास की रे. तोही वर न बघता बोलायचा."

बाझीलचं हसू मावळलं. त्यानं टोपी काढली आणि उंबऱ्यावर बसला. "त्याचं नाव नको घेऊस."

"का? तुझा कोण लागत होता?"

"दोनदा खोडलं होतं त्यानं आझोरदादाचं नाव. आजारी म्हणून लिहिलं होतं. गास्पारनं ते पकडलं. आदल्या रात्री लिंडोरच्या पाठीवर काठ्या बसल्या, वहिनी. हात मीच धरले होते त्याचे. त्या सकाळी गास्पारचा घोडा त्याच्या पाठीला एवढा लागून कशाला उभा होता, वाटतं तुला?"

"आणि हे मला तू आज सांगतोस?"

"त्या दिवशी कसं सांगू? बटणं तोडून तासही झाला नव्हता. तोंड उघडलं असतं, तर त्याच्या शेजारी मीच पडलो असतो."

झेलीनं अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी परवाना न घेताच ती मिलोला गेली. लिंडोरची बायको ओर्तांस अंगणात कसाव्याचे कंद किसत होती. झेली काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "झेली ना तू? ओळखते. अख्खं मिलो ओळखतं."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"कुणाला विचारलंस?"

झेली खाली मातीत बसली. "मी काय करू, सांग. म्हणशील ते करते."

"काय करणार तू? किसायला लागशील माझ्याबरोबर?" ओर्तांसचा हात थांबला नव्हता. "त्या गास्पारकडे जा. त्याला सांग, फार वाईट वाटतंय म्हणून. वाटीभर रम पाजेल तुला." मग किसणी खाली ठेवून तिनं पहिल्यांदा झेलीकडे पाहिलं. "काही बोलला का तो? शेवटी?"

"मला सांगत होता काहीतरी. मी ऐकलं नाही."

ओर्तांसनं मान हलवली आणि पुन्हा किसायला घेतलं. जा असंही कुणी म्हणालं नाही, तेव्हा झेली आपणच उठली.

परतीच्या वाटेवर पुलापाशी तिला अडवलं. परवाना नाही म्हणून आठ दिवस कोठडी. दार लावायला बाझीलच होता. त्यानं तिला पाण्याचं मडकं आणून दिलं, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

सुटली त्याच्या दुसऱ्या रविवारी क्रांतीचा वर्धापनदिन होता. मळ्यावरच्या सगळ्यांना मैदानात उभं केलं. जनरल गास्पार आता जाड झाला होता. खुर्चीवर उभं राहून तो बोलला, जुलमी राजाविरुद्ध आपण कसे खांद्याला खांदा लावून लढलो ते. झेलीच्या शेजारच्या बाईचे डोळे भरून आले. शेवटी त्यानं हात वर केला आणि विजय असो म्हणायला सांगितलं. रांगांमधून पोलीस फिरत होते, कोण गप्प आहे ते बघत.

झेलीनंही म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं.