शाबाक्वाचा फाटा

"अपडेट करा म्हणे. चालत्या गाडीला खीळ घालायची हौस नुसती."

रेइनो लाहती हे कुणाला उद्देशून बोलला नव्हता. काउंटरला पोट टेकवून, छातीशी लॅपटॉप धरून तो स्वतःशीच पुटपुटत होता. पण लोर्ना काशुबा काउंटरच्या पलीकडेच बसली होती, एका उघड्या मशीनच्या पंख्यातून चिमट्याने कुत्र्याचे केस ओढत. इतकी जवळ, की त्याच्या पुटपुटण्यातला कॉफीचा वासही तिला आला.

"परत?" तिने मान वर न करता विचारलं.

"परत. आणि तिथेच."

त्याने लॅपटॉप खाली ठेवला, त्यावर गेम खेळताना टेबलाला आवळायचं स्टिअरिंग ठेवलं, आणि त्यावर पर्शियन पावांचा खोका. गुलाबी साखर थापलेल्या त्या वड्याएवढ्या पावांशिवाय रेइनो दुकानात कधी आला नव्हता. गेल्या तीन महिन्यांत तो चौथ्यांदा येत होता, आणि लोर्नाच्या कमरेला त्याचा हिशेब कळत होता.

बाहेर मार्चातला मळकट बर्फ पायरीला लागून साचला होता. त्यापलीकडे एल्मी, रेइनोची बायको, गाडीचं इंजिन चालू ठेवून स्टिअरिंगमागे बसली होती. हल्ली गाडी तीच चालवायची. रेइनोचा गुडघा दुखतो, असं दोघं सांगत. एकतीस वर्षं थंडर बे ते विनिपेग अठरा चाकांचा ट्रक हाकलेला माणूस बायकोशेजारी पट्टा बांधून निमूट बसतो, यावर गावात कुणी चकार शब्द काढला नव्हता. गुडघा म्हणजे गुडघा.

जानेवारीत तो पहिल्यांदा आला, तेव्हाचं दुखणं खरं होतं. नातवाने नवा घेतला म्हणून जुना गेमिंग लॅपटॉप आजोबांना दिला होता, आणि त्यात ट्रक चालवायचा एक गेम घालून दिला होता. कुणा हौशी माणसाने या भागातले रस्ते त्या गेममध्ये हाताने बसवून फुकट वाटले होते. काकाबेका, शाबाक्वा, अप्साला, इग्नेस, ड्रायडन, सगळं जागच्या जागी. रेइनो दुपारचं जेवण झालं की थंडर बेहून निघायचा आणि एल्मीचा चहा होईपर्यंत केनोरा गाठायचा. मग एके दिवशी मशीनने आपणहून फर्मवेअर बदलून घेतलं. फर्मवेअर म्हणजे मशीनमध्ये सगळ्यांच्या आधी उठून दिवे लावणारा माणूस. दोन दिवसांनी नवा ग्राफिक्स ड्रायव्हर आला, तो पडद्यावर चित्र काढणारा. या दोघांचं एकमेकांशी पटेना. मध्येच पंखा बोंब मारायचा, पडदा काळा पडायचा, आणि रेइनोचा ट्रक माल घेऊन अंधारात गडप व्हायचा.

ते लोर्नाने नीट केलं होतं. ग्राफिक्स ड्रायव्हर वरवर काढला तर त्याच्या मुळ्या राहतात, म्हणून मशीन अर्धवट जागं ठेवून तो मुळापासून उपटला आणि मागच्या वर्षीचा बसवला. जुनं फर्मवेअर कंपनीने आपल्या साइटवरून केव्हाच काढून टाकलं होतं. पण लोर्नाच्या बिस्किटांच्या डब्यात पेनड्राइव्ह होते, प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेले, आणि त्यात जगाने टाकून दिलेलं पुष्कळ काही होतं. जुनं टाकायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला कुणी काहीच शिकवलं नव्हतं. हे दुकान आधी व्हिडिओ कॅसेटचं होतं आणि ती काउंटरवर कॅसेट मागे गुंडाळून ठेवायची. कॅसेट गेल्या, मालक फ्लोरिडाला गेला, ती राहिली. लोक बिघडलेली यंत्रं घेऊन येत राहिले आणि नाही म्हणायला जमेना, म्हणून शिकली.

सहा तास मशीन दुकानात चालवून बघितलं, आणि मगच दिलं. रेइनो इतका खूश झाला की त्याने तिला मिठी मारली, आणि सहसा मिठीच्या वाटेला न जाणाऱ्या फिनिश माणसाने मिठी मारली म्हणून शेजारच्या न्हाव्याने खिडकीतून वाकून बघितलं.

फेब्रुवारीत तो परत आला.

लोर्नाच्या दुकानाची एक रीत होती. काउंटरवर एक वही असायची. मशीन बंद पडलं तेव्हा तुम्ही काय करत होतात, ते आधी तीत लिहायचं, मग तोंड उघडायचं. बहुतेक लोक लिहीत, 'काही नाही', आणि ते नेहमीच खोटं असायचं. रेइनो मात्र ट्रकवाल्याच्या लॉगबुकसारखं लिहायचा, तिरप्या, ठसठशीत अक्षरात. निघालो. काकाबेका ओलांडलं. रस्ता कोरडा. जानेवारीच्या पानावर मशीन कधी इग्नेसला बंद पडलं होतं, कधी अप्सालाला, एकदा ड्रायडनच्या कागद कारखान्यासमोर. त्यानंतरच्या दोन्ही पानांवर एकच जागा होती. शाबाक्वा. शाबाक्वा.

तापलेल्या यंत्राला भूगोल कळत नाही. लोर्नाला ते फेब्रुवारीतच खटकलं होतं. मशीनही आपली एक वही ठेवतं. कधी बंद पडलो, कशाने पडलो, सगळं मुकाट्याने लिहून ठेवतं. तिने ती उघडली होती. तीत तापल्याचं काही नव्हतं, ग्राफिक्स ड्रायव्हर कोलमडल्याचं काही नव्हतं. सुरू केल्यापासून अकरा-बारा मिनिटांनी, दर वेळी, कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं होतं.

तेव्हा तिने झाकण लावलं होतं आणि रेइनोला सांगितलं होतं, की आत एक वायर सैल होती, आवळली.

तिसऱ्या वेळी दुसरी वायर आवळली.

त्यानंतर एल्मीचा फोन आला होता. मशीन ठेव चार दिवस तुझ्याकडे, म्हणाली. रेइनो रोज विचारायला येईल, तुझ्याकडे यायचं असलं की तो दाढी करतो. लोर्ना बरं म्हणाली. मग दोघी बराच वेळ हवामानावर बोलल्या.

आताही लोर्नाने सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला. रेइनो खोक्यातला पर्शियन तिच्यापुढे सरकवत होता. नखं स्वच्छ कापलेली, गालावर वस्तऱ्याचा ताजा ओरखडा. या हातांनी तिचं दुकान उभं केलं होतं, हे त्याला कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता. सुरुवातीच्या वर्षांत सुटे भाग विनिपेगहून मागवायचे म्हणजे आठवडे जायचे; रेइनो संगणकाचे पडदे दोन घोंगड्यांत गुंडाळून केबिनमध्ये, स्वतःच्या झोपायच्या जागेवर ठेवून आणायचा आणि बदल्यात कॉफी प्यायचा. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलात तर त्याने तिलाच नेलं होतं, विनिपेगच्या एका बंद पडलेल्या दुकानाचा माल बघायला. लोर्ना तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि केबिन तिच्या खोलीपेक्षा उंचावर होतं. वाटेतल्या प्रत्येक वळणाची त्याच्याकडे एक गोष्ट होती. इथे घोड्याएवढा मूस, रानातलं ते दांडगं हरीण, आडवा आला. इथल्या बाईच्या हातचा ब्लूबेरी केक खाऊन एक ड्रायव्हर तिथेच राहिला, लग्न करून. शाबाक्वाला रस्ता फुटतो. एक फोर्ट फ्रान्सिसला जातो, एक केनोरावरून विनिपेगला. तिथे तो तिच्याशी बोलता बोलता वळला, समोर बघितलं न बघितल्यासारखं. पाटी तरी वाचा की, ती घाबरून म्हणाली होती.

"पाटी कशाला वाचायची, पोरी?" रेइनो म्हणाला होता. "रस्ता डोळ्यांत नसतो. बुडाखाली असतो."

ती अप्सालापर्यंत हसत होती.

लोर्नाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"आज उघडत नाही मी," ती म्हणाली. "मला घेऊन चला."

रेइनोने तिच्याकडे पाहिलं. त्यात काय बघायचंय, म्हणाला. एल्मी खोळंबलीय. पेट्रोल जळतंय. तू आपली ती वायर बघ.

"अठ्ठ्याण्णवनंतर कुठे नेलंत मला तुम्ही?"

 लोर्नाने दोन स्टुलं आणली, स्टिअरिंग काउंटरला आवळलं, लॅपटॉप उघडला. पंखा हलकेच फिरू लागला, दुपारी झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. यंत्र अगदी निरोगी होतं.

रेइनो बसला आणि त्याची पाठ सरळ झाली. गावाबाहेर पडताना त्याने आरशात बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग स्टिअरिंग असं वळवलं जसं कुणी झोपलेल्या पोराला कुशीवर करतं. काकाबेकाच्या आधी तो बोलू लागला. इथे पूर्वी एक पंप होता, तिथली कॉफी इतकी वाईट होती की ड्रायव्हर जागे राहायचे ते रागाने. लोर्ना हसली. तोही हसला. दोघांच्या हाताला गुलाबी साखर लागली होती, आणि मिनिटभर ते खरंच केबिनमध्ये होते, डावीकडे पाइन, उजवीकडे पाइन, वर एप्रिलचं आभाळ.

मग त्याचं बोलणं थांबलं. ट्रक हळू झाला.

समोर शाबाक्वा होतं. दोन रस्ते, दोन्ही करडे, दोन्ही बाजूंना तीच झाडं. पाटी होती, पण ती त्याने आयुष्यात वाचली नव्हती, आणि आताही त्याची नजर तिच्यावरून नुसती घसरत गेली. त्याने वळायचा डावा दिवा लावला. बंद केला. उजवा लावला. बंद केला. गेममधल्या मागच्या गाडीने हॉर्न दिला. रेइनोचा अंगठा स्टिअरिंगवरून सुटला आणि सावकाश, चोरासारखा, लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या बटणाकडे निघाला.

लोर्नाने अंगठ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. एल्मी पायपुसण्यावर बूट आपटत आत आली. दोघांना शेजारी शेजारी बसलेलं पाहून ती जरा थबकली, आणि मग एरवीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, "काय निघालं? ते मेलं अपडेटच ना परत?"

वायर लोर्नाच्या जिभेवर तयार होती. तिसरी वायर. एल्मी तिच्याकडे बघत होती, तेच सांग अशा नजरेने. लोर्नाने बोटावरची साखर पुसली.

पडद्यावर ट्रक फाट्याच्या तोंडाशी उभा होता. रेइनोचा अंगठा बटणावर होता, पण त्याने दाबलं नाही. त्याने तो उचलला, हात पुन्हा स्टिअरिंगवर नेला, दोन्ही हात जागच्या जागी ठेवले, आणि ट्रकचे दोन्ही बाजूंचे दिवे एकदम लावले. टिक, टिक, टिक, असा आवाज दुकानभर येत राहिला.

"यंत्र बरं आहे, एल्मी," तो म्हणाला. "कुठे वळायचं ते मला आठवत नाही."