सिमेंटचा कोट घातलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. बाईमाणसाला वय विचारत नाहीत, आणि भिंतीला तर मुळीच नाही. एवढेच सांगते, की दोनशेच्या वर हिवाळ्यांचा बर्फ माझ्या पायाशी वितळून गेला आणि मी अजून उभी आहे.

न्यू मेक्सिकोच्या डोंगरात ला सिरुएला नावाचे गाव आहे. तिथल्या संत हुआनच्या चर्चची मी उत्तरेकडची भिंत. दक्षिणेकडची बहीण दिवसभर उन्हात शेकत बसते. पूर्वेकडचीला दार आहे, म्हणून तिचे फोटो निघतात. माझ्याकडे ऊन फिरकत नाही, बर्फ मात्र एप्रिलपर्यंत मुक्काम ठोकतो. पण मित्रांनो, घरात जी सून सगळ्यांत जास्त राबते, तिच्याच जिवावर छप्पर उभे असते. बाकीच्यांनी खुशाल फोटो काढून घ्यावेत.

माझा जन्म पाटाच्या काठी झाला. पुरुषांनी माती खणली, गव्हाचा पेंढा घालून पायांनी तुडवली, लाकडी साच्यात विटा पाडल्या आणि उन्हात वाळवल्या. भट्टीचे तोंड मी पाहिलेले नाही. मी कच्च्या विटांची आहे आणि त्याची मला लाज नाही. भाजून पक्की झालेली पुष्कळ माणसे मी तडकताना पाहिली आहेत.

विटा रचल्या पुरुषांनी, पण मला अंग दिले बायकांनी. ला सिरुएलात लिंपण हे बायकांचे काम. दर जूनमध्ये, संत हुआनच्या सणाआधी, गावातल्या बायका बाह्या वर करून येत. थापी कोणी आणायची नाही. थापीने माती नुसती चोपडली जाते, हाताने ती जिरते. शेवटी ओल्या मेंढीच्या कातड्याने पुसून घेतले, की मी लोण्याच्या गोळ्यासारखी दिसे.

त्यात एक नियम असे. ज्याचा हात जिथवर पोचेल, तिथवर त्याची भिंत. शिडीवर तरुण बायका, खुर्चीवर बसून मधला पट्टा लिंपायला म्हाताऱ्या, आणि खाली पायाकडे पोरे. छपराचे पाणी जमिनीवर आपटून उडते ते पायावरच, म्हणजे सगळ्यांत नाजूक जागा गावातल्या सगळ्यांत लहान हातांकडे. शहाण्यांना हे उलटे वाटेल. पण वाकायला कोणाची कंबर बरी असते, ते जरा बघा.

त्या पोरांत दोन पोरी होत्या. लिब्रादा आणि पेत्रिता. एकीने लिंपलेले दुसरीला कधी पटले नाही. पुढे लिब्रादाच्या लेकीचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पेत्रिताने पोर हातावर धरली. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. एका लेकराच्या दोन आया, असे ते नाते आहे. भांडायला याहून पक्के नाते दुसरे नाही.

मग दिवस बदलले. पुरुष खाणीत गेले, बायका शहरात कामाला लागल्या. लिब्रादा तेहतीस वर्षांची असताना चर्चच्या किल्ल्या वर्षभरासाठी तिच्या घराकडे आल्या, म्हणजे त्या वर्षीची देखभाल तिची. त्या जूनमध्ये लिंपायला चारच बायका आल्या. तीन दुपारी निघून गेल्या, त्यांत पेत्रिताही होती. तिचे पोर तापाने फणफणले होते. माझे चारांतले तीन हिस्से अंग लिब्रादाने एकटीने लिंपले. रविवारी प्रार्थनेला आली तेव्हा तिची बोटे फुटून रक्त येत होते. पुढच्या महिन्यात तिने सिमेंट मागवले.

मला तारेची जाळी ठोकली आणि वर सिमेंटचा जाड कोट चढवला. ओल्या सिमेंटमध्ये लिब्रादाने खिळ्याने अक्षरे कोरली: ‘आता पुन्हा हात लावणे नको. लिब्रादा.’ गावाने वाहवा केली. मीही फुगले, खोटे का बोलू.

पेत्रिता तेवढी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“कोमाद्रे, कोट घातलास खरा, पण गुंड्या कोण सोडणार?”

“कशाला सोडायच्या? आता थंडी वाजणार नाही तिला.”

“आणि घाम आला तर?”

“भिंतीला घाम येतो होय? तुझ्या डोक्यात नुसती माती भरलीय.”

“माझ्या डोक्यात आहे ती तिच्या अंगावर हवी होती,” पेत्रिता म्हणाली आणि घरी गेली.

पेत्रिताचे खरे ठरले. मातीची भिंत पाणी पिते आणि वाऱ्याला परत देते. तो तिचा श्वास असतो. माझ्या कोटाला वर, छपराखाली, केसाएवढी चीर गेली. तिथून पाणी आत आले आणि आतच कोंडले. एक हिवाळा, दुसरा हिवाळा. वरून मी नवरीसारखी गोरी आणि पोटात चिखल. पण खरे दुखणे वेगळेच होते. चव्वेचाळीस वर्षांत मला एकाही माणसाचा हात लागला नाही. सणाला लोक येत, आत जात, बाहेर येत. अंगावर कोरलेलेच होते ना, हात लावणे नको.

जगात काही जागा अशा असतात, की त्या एका गावाच्या राहत नाहीत. पुढे जन्माला येणाऱ्या सगळ्यांच्या होतात. अशा जागांची यादी करणारी माणसे आहेत म्हणे. आमचे चर्च, पाट आणि पाटाखालची दलदल त्या यादीत जावी, असा अर्ज गावाने केला. मग एका मार्चमध्ये शहरातून अर्नुल्फो बाका नावाचे पाहणी करणारे गृहस्थ आले. हातात लोखंडी सळई. पूर्वेकडचीला त्यांनी नमस्कार केल्यासारखे पाहिले आणि माझ्याकडे येऊन टकटक केले. आवाज ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. माझ्या पायाशी कोट सुटला होता. तिथे त्यांनी सळई टेकवली, आणि ती खिरीत चमचा जावा तशी हातभर आत गेली.

“ही भिंत कधीही बसेल,” अर्नुल्फो जमलेल्या लोकांना म्हणाले. “दोनच वाटा आहेत. पाडून काँक्रीटची बांधा. मग यादीचं विसरा. नाहीतर हा कोट काढा, वाळवा, कुजलेल्या विटा बदला आणि पूर्वीसारखी लिंपा. पण उघडी भिंत जुलैचा पाऊस सोसणार नाही. जूनअखेर अंगावर माती चढली नाही, तर मलाच पाडायला सांगावं लागेल. हे काम येणारं कोणी आहे का गावात?”

सगळ्यांनी लिब्रादाकडे पाहिले. सत्याहत्तर वर्षांची लिब्रादा घरी गेली. मला वाटले, संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली. हातात हातोडी. माझ्या अंगावरून बोटे फिरवत ती सिमेंटवर काहीतरी शोधत होती. मागून पेत्रिता घडीची खुर्ची घेऊन आली आणि नाटक बघायला बसावे तशी बसली.

“काय हरवलंय, कोमाद्रे?”

“माझं नाव.”

“सापडलं?”

“सापडलं. केवढं मोठं काढलंय मेलं.”

“तेव्हा तुझं सगळंच मोठं होतं. आवाजसुद्धा.”

लिब्रादाने पहिला घाव आपल्या नावावरच घातला. मग दुसरा. ढलपी निघून पायावर पडली. आतली ओली माती तिने चिमटीत घेतली, हुंगली, आणि पेत्रिताकडे वळली.

“चव्वेचाळीस वर्षं तू हे ऐकायला थांबलीयेस ना? तर ऐक. मी चुकले.”

“ऐकू नाही आलं. या कानानं कमी येतं.”

“मग दुसरा कान कर इकडे.”

“त्यानंही कमीच येतं.” पेत्रिता उठली. “त्या दिवशी मी संध्याकाळी परत यायला हवं होतं, लिब्रादा. पोराचा ताप उतरला होता. मी आले नाही. दुसरी हातोडी आहे का तुझ्याकडे?”

दोन म्हाताऱ्या ठोकताहेत म्हटल्यावर गाव कसे घरात बसेल? आठवड्याभरात सगळा कोट उतरला. पायाकडच्या कुजलेल्या विटा एकेक काढून नव्या बसवल्या. मी दोन महिने उघड्या अंगाने वारा प्याले. काय सांगू तो वारा.

जून उजाडला. लिंपणाची माती पूर्वी ज्या खाणीतून येई, तिच्यावरून आता रस्ता गेलेला. लिब्रादा म्हणाली, “माझ्या शेतातली घ्या. गावात तिच्यासारखी माती नाही.” कोणाची छाती होती नाही म्हणायची? दहा जणी लागल्या आणि एका बाजूने माझे निम्मे अंग झाकले. तिसऱ्या दिवशी ती माती पापडासारखी तडकली आणि पोपडे सुटून खाली आली. डोंगरावर ढग डोकावू लागले होते.

“माती उत्तमच आहे,” लिब्रादा ठासून म्हणाली. “भिंतच हट्टी आहे.”

माझ्याबद्दल हे. मी ऐकून घेतले, कारण तिचे डोळे भरले होते.

ती पाटाच्या कडेला जाऊन बसली. शेजारी पेत्रिता. माझ्या वळचणीला पाकोळ्यांची घरटी आहेत आणि जूनमध्ये त्यांचेही लिंपण चालू असते. पाकोळ्या चोचीत चिखल घेऊन येत-जात होत्या. लिब्रादाने नुकतेच पाणी सोडलेले शेत अगदी समोर होते, पण एकही पाकोळी तिथे उतरत नव्हती.

“बघितलंस?” लिब्रादा म्हणाली. “माझं शेत ओलांडून जातायत मेल्या.”

“कुठं जातायत?”

“दलदलीत. पाटाखालच्या.” लिब्रादाने दलदलीकडे मान वळवली. मग हळूच म्हणाली, “आई काय म्हणायची, आठवतं?”

“माती बाईला विचारू नये, पाकोळीला विचारावी.”

“आणि मी विचारलं कोणाला?”

“स्वतःला. नेहमीसारखं.”

दोघी इतक्या हसल्या, की पेत्रिताच्या खुर्चीचा पाय चिखलात रुतला. ती दलदल बुजवून पाहुण्यांच्या गाड्यांसाठी जागा करावी, असे गावातल्या काही शहाण्यांच्या मनात होते. लिब्रादाने त्यांना असे काही सुनावले, की ते शब्द मला इथे सांगता येत नाहीत. मग एका कडेने, पाकोळ्यांची जागा सोडून, बादल्या भरल्या गेल्या.

ती माती मला लागली. काय लागली म्हणता. आईच्या हातचा घास लागावा तशी लागली.

अर्नुल्फो बाका महिनाअखेरीस वही घेऊन आले.

“आजी, पेंढा किती आणि माती किती, ते प्रमाण सांगता का? लिहून घेतो.”

“लिहून काय करणार? वही लिंपणार?” लिब्रादा म्हणाली. “बाह्या वर करा. माती बोटांना चिकटून राहिली तर पेंढा कमी. हात स्वच्छ निघाला तर बरोबर.”

शहराचे साहेब गुडघाभर चिखलात उभे राहिले. त्यांचा हात चौथ्या खेपेला स्वच्छ निघाला. पेत्रिताने त्यांना मिरचीचा रस्सा आणि भट्टीतली भाकरी वाढली, तेव्हा ते पास झाले असे गावाने समजून घेतले.

पुढे यादीत नाव आले. पितळेची चकचकीत पाटीही आली. ती माझ्यावर ठोकायला माणूस शिडी घेऊन चढला, तर लिब्रादाने खालून शिडीच धरून हलवली. “खिळा मारशील तर पाणी जाईल आत. ती खांबावर लाव नाहीतर गळ्यात घाल.” पाटी आता फाटकाच्या खांबावर आहे. छान दिसते. तिला काही माझ्यासारखे दर वर्षी न्हाऊमाखू घालत नाहीत.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्या जूनच्या शेवटच्या दुपारची. पायाकडचा भाग पोरांनी लिंपला होता. लिब्रादाची पाच वर्षांची पणती निएवेस कोपरापर्यंत चिखलात बुडालेली. ती मागे सरली, तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “पणजी, झालं ना? आता पुन्हा नाही ना करायचं?”

लिब्रादाच्या हातातले मेंढीचे कातडे थांबले. पेत्रिताने तोंड दुसरीकडे वळवले.

“पुढच्या जूनमध्ये करायचं,” लिब्रादा म्हणाली.

“आणि मग?”

“त्याच्या पुढच्या जूनमध्ये.”

“किती वर्षं?”

“आत्ता तुझा हात कुठवर पोचतो? इथवर. तो छपराला लागला, की मला सांगायला ये.”

“तेव्हा तू असशील?”

“नसले तर हिला सांग,” असे म्हणून लिब्रादाने माझ्या कुशीवर एक चापट मारली. ओल्या मातीत पाच बोटे उमटली. तिने कातड्याने ती पुसली. काम अर्धवट टाकायची सवय नाही तिला.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखे कोणीतरी असेल. एखादी बारव, एखादे देवराईतले झाड, एखाद्या गडाचा बुरूज. ते किती थोर आहे, याची भाषणे करू नका. ती ऐकून ऐकून आम्ही आतून ओले होतो. एकदाच काय ते करून मोकळे होऊ, असेही कोणी म्हणाले तर त्याला माझ्याकडे पाठवा. जवळ जा. कुठे चीर गेली ते बघा. आपला हात जिथवर पोचतो तिथवर करा, आणि पुढच्या वर्षी परत या.

निएवेसचा हात यंदा माझ्या चौदाव्या विटेपर्यंत पोचला. छपरापर्यंत अजून पुष्कळ विटा आहेत. मला घाई नाही.