प्रश्न तिचे, उत्तरं माझी

पोरीला परदेशात दिवस गेले तेव्हाच ठरलं, बाळंतपणाला तिच्या आईनं जायचं. मला कामावरून एवढी रजा कोण देणार? जावई म्हणाला, इथं आपलं बोलणं कुणाला कळत नाही, दोघंही इथल्या भाषेचा क्लास लावा, सोबत असली की सराव होतो.

क्लास दुसऱ्या मजल्यावर. मी दिवसभर ट्रकची चाकं खोलणारा, ही दिवसभर शिलाई मशीनवर. संध्याकाळी जिने चढून बाकावर टेकलो की डोळे आपोआप मिटायचे. शिकवणारी बाई चांगली होती हो. जोड्या लावायची. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग टाळी वाजवून म्हणायची, आता बदला. त्या टाळीनं मी दचकून जागा व्हायचो. चौथ्या दिवशी आम्ही हात जोडले. बाई रागावली नाही. पुस्तक दिलं आणि म्हणाली, "घरी करा. फक्त अदलाबदल करत जा. माझं तेवढं एक ऐका."

तेवढं एकच ऐकलं नाही.

हिचे हात कापडात, डोळे सुईवर. प्रश्न आखूड, म्हणून ते हिनं पाठ केले. लांब उत्तरं माझ्याकडे, मी चटईवर आडवा, पुस्तक छातीवर. तशीही तीस वर्षं घरात हीच वाटणी होती. तिनं विचारायचं, मी उत्तर द्यायचं. पाच महिने असा अभ्यास केला. पण माझं तोंड सुरू झालं की तिचं मशीन सुरू व्हायचं, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

ती तिकडं पोचली आणि आठव्या दिवशी दुपारी गॅरेजात फोन आला. आवाज पार बसलेला.

"अहो, पोरीला आत नेलंय. जावई अजून वाटेत आहेत. मी नर्सला सगळं नीट विचारते. ती सांगतेही. मला त्यातलं अक्षर कळत नाही."

पान्हा खाली ठेवला आणि टायरवर बसलो. म्हटलं, फोन तिच्या तोंडापुढं धर आणि परत विचार. हिनं विचारलं. दवाखान्याचा धडा, ओळखीचा प्रश्न. नर्स भराभर बोलली, पण त्यात माझी वाक्यं सापडली. पुस्तकात पोटदुखीवाला म्हातारा होता, एवढाच फरक.

"ऑपरेशन करावं लागणार," मी सांगितलं. "तासभर थांब म्हणतेय."

"मधे आणखी बरंच काही म्हणाली ती."

म्हणाली होती. ते धड्यात नव्हतं. मला एवढंच विचारायचं होतं, की धोका आहे का. पण एकही प्रश्न मी कधी पाठ केला नव्हता. बाईची टाळी आत्ता कुठं नीट ऐकू आली.

"अगं," मी म्हटलं, "जिवाला काही धोका आहे का, ते विचार."

हिला ते येत होतं. विचारलं. पलीकडून एकच शब्द आला. मी सांगायच्या आत हिनं मोठा श्वास सोडला.

"कळलं," म्हणाली. "नाही म्हणाली."

तेवढा एक शब्द कुणाच्याही तोंडून हिला कळला असता. माझ्याकडून तीस वर्षं ऐकतेय.

मग फोन तसाच चालू ठेवला. ती तिकडं बाकावर, मी इकडं टायरवर. कुणीच काही विचारलं नाही.