गार वाऱ्याची अट

मत्राह बंदरात झुवैनाला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. जो एकदा बोलला तो दुसऱ्यांदा बोलला नाही. सुना तिला अम्मा म्हणत, शेजारी अम्मा म्हणत, मासळीवालासुद्धा आधी अम्मा म्हणे आणि मग भाव सांगे. तिला नुसतं 'झून' म्हणून हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, थोरली बहीण रय्या. आणि ती तिकडे आत डोंगरांत, बहल्यात, नऊ वर्षं अबोला धरून बसली होती.

भांडणाचं मूळ दारात उभं होतं. काळी, लांबलचक जर्मन गाडी. झुवैनाच्या नवऱ्याने, खल्फानने, ऐन उमेदीत घेतलेली. आत लाकडाच्या पट्ट्या, चामड्याच्या गाद्या, आणि दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. खल्फान गेल्यावर पोरांनी ती विकायचा विषय काढला. झुवैना म्हणाली, आधी मला विका, काय येतील ते वाटून घ्या, मग गाडीचं बघू. विषय तिथेच मिटला.

नऊ वर्षांपूर्वी, आंब्याच्या दिवसांत, ती रय्याला आणायला याच गाडीतून गेली होती. गाडी थोरला मुलगा चालवत होता. जाताना आत अशी थंडी की शाल घ्यावी लागली. येताना मात्र बहल्याची तटबंदी मागे पडते न पडते तोच गाडीने तंदूरचं तोंड उघडलं. जूनचा महिना, बाहेर डोंगर तापलेले, आणि आत त्याहून गरम वारा. रय्या म्हणाली, काचा उघडा. झुवैना म्हणाली, थांब जरा, आता गार होईल. असं वाटेतलं इझकी गाव येईपर्यंत चाललं. तोवर रय्याच्या मांडीवरच्या डब्यातला हलवा वितळून तिच्या नव्या झग्यात उतरला होता. ती तिथेच उतरली, भाड्याच्या गाडीने घरी परतली आणि वारलेल्या मधल्या बहिणीच्या मुलाकडून निरोप धाडला, की मला जिवंत भाजायला नेलं होतं. त्या गाडीला गार वारा सुटेल त्या दिवशी मी मत्राहला पाऊल टाकीन.

झुवैनाने तीन कारागीर बोलावले. एकाने गॅस भरला, दुसऱ्याने कॉम्प्रेसर बदलला, तिसऱ्याने गाडी बदला म्हणून सांगितलं. त्याला तिने चहासुद्धा दिला नाही. शेवटी गाडीवर कापड पडलं.

यंदा तोच भाचा फोनवर सहज बोलून गेला की मावशी विचारत होती, झूनच्या अंगणातलं आंब्याचं झाड अजून धरतं का. झुवैनाने फोन ठेवला, थोडा वेळ झाडाकडे बघत बसली, आणि वादी कबीरच्या गॅरेजवाल्या दादमुरादला बोलावणं धाडलं.

दादमुराद बलोच होता, साठीचा, पांढऱ्या मिशांचा. बोलायला कंजूस. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. एक उशी मागितली आणि डॅशबोर्डखाली उताणा शिरला. बाहेर नुसते पाय. बऱ्याच वेळाने पायांकडून आवाज आला, की अम्मा, गार करायचं सामान ठणठणीत आहे. या गाडीत आतल्या झडपा इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर हलतात, बारीक रबरी नळ्यांतून. ओढ तुटली की गरम पाण्याकडची झडप आपोआप उघडी पडते. थंड मुलखातली गाडी ना ही. काही बिघडलं की तिला वाटतं, आतली माणसं गारठली.

"म्हणजे नऊ वर्षं ही माझी काळजी करतेय," झुवैना म्हणाली.

त्याने एकेक नळी ओढून तोंडाला लावली. आतली हवा चोखायची आणि टोकावर जीभ ठेवायची. जीभ चिकटून राहिली तर नळी धड, सुटली तर कुठेतरी भोक. झुवैनाला हे इतकं आवडलं की तिने स्वतः एक नळी मागून घेतली. माझी जीभ आजवर कुठे कमी पडलेली नाही, म्हणाली. चोखलं, जीभ लावली. जीभ लगेच सुटली. पुन्हा लावली, पुन्हा सुटली.

दादमुरादने त्या नळीचा माग काढला. ती पुढच्या गालिच्याखालून जात होती. त्याने चटई उचलली. खाली गालिच्याला रुपयाएवढं काळं भोक, आणि त्याखाली नळी जळून कोळसा झालेली.

झुवैनाला कुणी सांगायची गरज पडली नाही. त्या दिवशी बहल्यात, आत कहवा चालला होता तेव्हा, बहिणीला सुगंधी गाडीत बसवायचं म्हणून तिने ऊदाचं धुपाटणं पेटवून गाडीत ठेवलं होतं आणि दारं लावली होती. काढताना एक निखारा खाली पडला. तिने तो चपलेने चिरडला आणि वर चटई ओढून घेतली. नऊ वर्षं ती गाडीला, कारागिरांना, एकदा तर बहल्याच्या नावाजलेल्या जिन्नांनाही दोष देत आली होती.

चार दिवसांत दादमुरादने सगळ्या नळ्या नव्या घातल्या, झडपांमागची वाळून तडकलेली रबरं बदलली. पाचव्या दिवशी इंजिन चालू केलं. झुवैना आत बसली, अर्ध्या तासाने बाहेर आली, आणि दमट हवेत तिच्या चष्म्यावर एकदम धुकं धरलं. दिसत काही नव्हतं, तरी ती तशीच उभी राहून हसत होती. सुना खिडकीतून बघत होत्या. अम्माला असं हसताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

बहल्याला न्यायला तिने दादमुरादलाच चालक आणि साक्षीदार म्हणून घेतलं. वाटेत बजावलं, की रबर म्हातारं झालं होतं एवढंच सांगायचं, निखाऱ्याचं नाव काढायचं नाही.

"अम्मा, गाडीबद्दल मी खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "माणसांबद्दल सांगा, हवं तेवढं बोलतो."

रय्या दारात काठी घेऊन उभी होती. वाळून निम्मी झाली होती, पण मान तशीच ताठ. सुंभ जळला तरी पीळ कायम. तिने खजूर पुढे केले, कहवा ओतला, तोही आधी दादमुरादला. त्याने झडपा, नळ्या, ओढ, सगळं नीट समजावलं. नळी का जळली इथपर्यंत आला आणि कपात बघत गप्प झाला.

मग झुवैनाच बोलली. निखारा, चप्पल, चटई, सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं भराभर संपलं.

रय्या म्हणाली, "नळीला काय कळतं, जळली. तू काचा का उघडल्या नाहीस?"

नऊ वर्षांत झुवैनाने शंभर उत्तरं घोकली होती. ती सगळी तिने बाजूला ठेवली.

"तू म्हणाली असतीस, खल्फानची गाडी बिघडली," ती म्हणाली. "म्हणाली असतीस, झूनला एक वस्तू धड सांभाळता येत नाही. म्हणून नाही उघडल्या. तू घामाने निथळत होतीस, मला दिसत होतं."

रय्याने कहव्याचा घोट घेतला.

"सांभाळता येत नाहीच तुला. हे मी तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून सांगतेय," ती म्हणाली, आणि काठी टेकत उठली. "माझं बोचकं त्या खुंटीवर आहे. बांधून दोन आठवडे झाले. आंबे संपल्यावर येणार होतीस काय?"

गाडीत बसल्यावर रय्याने दोन्ही तळवे गार वाऱ्याच्या जाळीपुढे धरले. मग समोरच्या घरातल्या शम्साला हाक मारली, जरा ये, हात लावून बघ. शम्सा आली, हात लावून बघता बघता आतच बसली. तिची जाऊ तिला शोधत आली, तीही बसली. दोघी म्हणाल्या, वेशीपर्यंत येतो नि उतरतो. वेस आली, गेली. दादमुरादने आरशातून पाहिलं. कुणी उतरायचं नाव काढेना. मागे तिघी दाटीवाटीने बसून जुन्या लग्नातलं गाणं टाळ्यांवर म्हणत होत्या, आणि मधल्या कडव्यावरून रय्या शम्साशी भांडत होती.

पुढच्या सीटवरून झुवैनाने घरी फोन लावला. सुनेने विचारलं, अम्मा, मावशी येतायत का, भात दोघींचा टाकू ना?

"मोठं पातेलं चढव," झुवैना म्हणाली. "आणि सगळ्या गाद्या गच्चीवर काढ. किती जणी येतील ते मला मत्राह आल्यावरच कळेल."