साडूचा जादा कोट

रोज सकाळी केबिनच्या दाराखालून एक कागद आत सरकायचा. आज जहाजावर काय आहे, कुठे आहे, किती वाजता आहे, सगळं त्यावर छापलेलं. दोघी बहिणींतल्या धाकटीचे यजमान तो कागद चष्मा लावून, ओळीखालून बोट फिरवत, तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचायचे. सरकारी हिशेबतपासनीस म्हणून त्यांनी जन्म काढलेला. कागद म्हटला की त्यात काहीतरी चुकलेलं असणारच, या श्रद्धेने निवृत्तीनंतरही त्यांचा दिवस सुरू होई. नातेवाईक त्यांना ऑडिटर म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे.

तिसऱ्या दिवशीच्या कागदात त्यांना चूक सापडली नाही. त्याहून गोड काहीतरी सापडलं.

“ऐक,” ते म्हणाले. “आज मोठ्या भोजनगृहात खास रात्र. स्त्रियांनी लांब किंवा पारंपरिक पोशाख करावा. पुरुषांना कोट आवश्यक. कोट नसेल त्यांनी वरच्या मजल्यावर बुफे घ्यावा. आवश्यक म्हटलंय, बरं का. इष्ट नाही.”

“ऐकलं,” धाकटी म्हणाली. ती साडीच्या निऱ्यांना पिना शोधत होती.

“तुझे भावोजी काय करणार आता?”

हा प्रश्न विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, त्याला काळजी म्हणता आलं नसतं.

भावोजी, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, समोरच्याच केबिनमध्ये होते. इमारतींचे कंत्राटदार. घरून निघताना ताईने बॅगेत घातलेला कोट त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेर काढला होता. “समुद्रात कोट कशाला? बुडताना जड होतो,” असं म्हणून त्या जागी त्यांनी चिवड्याचे दोन डबे कोंबले. जहाजावर भाड्याने कोट मिळत, पण कंत्राटदारांच्या घेराचे सगळे कोट पहिल्याच दिवशी त्यांच्यासारख्याच दुसऱ्या पोटांनी पळवले होते.

एरवी धाकटीने हा विषय हसण्यावारी नेला असता. चार दिवसांचा प्रवास, त्यात एक रात्र बुफेत जेवलं तर काय आकाश कोसळतं? पण गेले दोन दिवस ती तो बुफे बघत होती. तिथे माणूस बसतो कमी आणि फिरतो जास्त. भावोजींना सूप हवं, ताई उठली. भावोजींना ते थंड लागलं, ताई परत उठली. मग ऑडिटरांना चमचा स्वच्छ वाटेना, म्हणून धाकटी उठली. ती येऊन टेकते तोवर ताई पापडासारखं काहीतरी कुरकुरीत शोधायला गेलेली. दोघी बहिणी दोन दिवस एका टेबलावर जेवल्या, आणि दोघींच्या पाठी एका वेळी खुर्चीला लागल्या नाहीत.

आणि पुढच्या महिन्यात ताई जाणार होती. लेकाकडे, लांबच्या देशात, कायमची. जाण्याआधी आईने मावशीबरोबर चार दिवस मजेत काढावेत म्हणून त्या लेकानेच ही चार तिकिटं पाठवली होती. ताईशी एकदा नीट बोलायचं, तिच्या मनात खरंच काय आहे ते ऐकायचं, एवढंच धाकटीला हवं होतं. फोनवर ताई सगळ्यांना सांगायची तेच सांगे: “छान आहे की. नातवंडं आहेत.” भोजनगृहात वाढणारे लोक होते. ताट जागेवर येणार, रिकामं झालं की जागेवरून जाणार. उठायला कारणच नाही. त्या रात्रीवर धाकटी डोळा ठेवून होती.

“तुमच्याकडे दुसरा कोट आहे,” ती नवऱ्याला म्हणाली.

ऑडिटरांनी कागदाची घडी घातली. “तो जादाचा आहे. एकावर डाग पडला तर.”

“तुमच्या पोटाच्या काळातला आहे. तुम्हाला तो आता तंबूसारखा होतो. भावोजींना बरोब्बर बसेल.”

“बसेल ना. न बसायला काय झालं? त्यांनी मागावा, मी देतो. मी कधी नाही म्हटलंय?”

इथे मेख होती. बऱ्याच वर्षांपूर्वी कंत्राटदारांनी बांधलेल्या एका शाळेचे कागद फिरत फिरत ऑडिटरांच्या टेबलावर आले होते. नात्यातलं काम म्हणून त्यांनी ते दुसऱ्याकडे सोपवायला हवं होतं, असं सगळ्यांचं मत. त्यांनी ते दुप्पट बारकाईने तपासलं आणि जिन्याला आराखड्यापेक्षा एक पायरी कमी असल्याचा शेरा मारला. कंत्राटदारांना अख्खा जिना पाडून पुन्हा बांधावा लागला. तेव्हापासून दोघे साडू एकमेकांशी बोलत नसत असं नाही. फक्त बायकांमार्फत बोलत.

धाकटी समोरच्या केबिनवर टकटक करून आत गेली. ताई पलंगाच्या कडेला बसून नवऱ्याच्या शर्टाची गुंडी शिवत होती. कंत्राटदार बनियनवर, गोल खिडकीतून समुद्राकडे असे बघत होते की जणू त्याची मापं चुकलीत.

“भावोजी, आमच्याकडे एक कोट जादा आहे. तुम्हाला आणू का?”

“कोणाचा?”

“जहाजाच्या कप्तानाचा. कोणाचा असणार?”

“मेहुणीबाई, साहेबांनी स्वतःहून दिला तर घालीन. माझं काही म्हणणं नाही. पण मी मागणार नाही. मागितला की ते पावती करतील.”

ताईने दाताने दोरा तोडला आणि धाकटीकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती की, चिमे, तू काहीतरी जमव.

चिमीने जमवायला घेतलं. ती दुपारभर दोन केबिनांच्या मधली तीन पावलांची बोळ ओलांडत राहिली. ऑडिटर म्हणाले, तोंडाने मागायचं नसेल तर निदान दार उघडून उभे राहा म्हणावं. कंत्राटदार म्हणाले, दार उघडंच आहे, येणाऱ्याने यावं. ऑडिटरांनी विचारलं, कोट मोकळा सोडून बसणार की बटणं लावणार? कंत्राटदारांनी उलट निरोप धाडला की, जिन्याच्या पायऱ्या मोजणाऱ्याला बटणंही मोजायची असतील तर मोजू दे. हा निरोप धाकटीने वाटेत गाळला. ऑडिटरांना तो तिच्या चेहऱ्यावरून कळला.

संध्याकाळ झाली. धाकटी नेसून तयार झाली, ताईही. भोजनगृहाची दारं सुरुवातीनंतर थोड्याच वेळात बंद होतात, असंही त्या कागदावर होतं, आणि ते ऑडिटरांनी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. ते स्वतः काळा कोट चढवून आरशासमोर उभे होते.

“एवीतेवी उशीर होतोय. तू आणि मी जाऊ. ताईंना घे बरोबर.”

“ताई भावोजींना सोडून यायची नाही.”

“मग तो त्यांचा प्रश्न.”

धाकटीने कपाट उघडलं. जादाचा कोट हँगरसकट काढला. बाहेर आली. पुन्हा ती बोळ, पुन्हा ते समोरचं दार. भारी रेशमी साडी नेसून, हातात नवऱ्याचा कोट घेऊन ती मधोमध उभी राहिली आणि तिला वाटलं, आपण पोस्टातल्या माणसासारख्या झालोय, आणि पगारसुद्धा नाही.

समोरचं दार उघडून ताई बाहेर आली. “ते म्हणताहेत, आपण सगळेच वर जाऊ. बुफेलाच. भांडण नको.”

“ताई, त्या कागदावर बायकांना कोट लागतो असं लिहिलंय का?”

“नाही.”

“मग आपण का अडलोय?”

हा हिशेब ताईने केलाच नव्हता. “आणि हे?”

“वर शेकडो माणसं जेवताहेत. त्यांना कोणीतरी चमचा दाखवेल.”

बोळीच्या भिंतीला, जहाज हललं तर धरायला, लाकडी कठडा होता. धाकटीने कोटाचा हँगर त्या कठड्याला अडकवला, बरोबर दोन्ही दारांच्या मध्ये. मग दोन्हीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “कोट इथे टांगलाय. कोणी दिलेला नाही, कोणी मागितलेला नाही. आम्ही जेवायला चाललो.”

ताईने एकदा मागे वळून बघितलं. धाकटीने तिचा दंड धरला आणि तिला जिन्याने खाली नेलं.

भोजनगृह मोठं होतं, पण धाकटीला आधी खुर्च्याच दिसल्या: जाड, हात असलेल्या, एकदा बसलं की सहज न उठता येण्याजोग्या. दाराशी उभ्या असलेल्या माणसाने दोघींच्या साड्यांकडे बघून किंचित मान झुकवली आणि त्यांना चौघांच्या टेबलावर नेलं. दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. आजूबाजूला काळे कोट, चमचमते गळे, ताठ कॉलरी. एका म्हाताऱ्याच्या गळ्यातला बो टाय एकसारखा वाकडा होत होता आणि त्याची बायको तो एकसारखा सरळ करत होती.

“सगळीकडे तेच,” ताई म्हणाली.

सूप आलं. ताईचा हात सवयीने मिठाच्या डबीकडे गेला, शेजारी कोणाला द्यायला, आणि रिकाम्या खुर्चीपाशी थबकला. तिने डबी परत ठेवली. सूप संपलं तसे दोन्ही वाडगे तिने एकात एक घातले. वाढणाऱ्याने हसून ते वेगळे करून नेले.

“बघ,” धाकटी म्हणाली. “तुझं काम गेलं.”

ताई हसली, पण लगेच थांबली. हात मांडीवर ठेवले.

“तिथेपण असंच असणार, चिमे.”

“म्हणजे?”

“तो फोनवर म्हणतो, आई, तुला इकडची काडी तिकडे करू देणार नाही. सूनपण म्हणते. चांगली आहेत दोघं. यंत्रं आहेत सगळ्याला. मी काय करणार तिथे? नातवंडं दिवसभर शाळेत. मला बसवून ठेवणार, आणि मी बसणार. यांचं बरं आहे, हे टीव्हीसमोर बसतील. मला…” ती पुढचं शोधत होती.

त्याच वेळी दारावरचा माणूस टेबलाशी येऊन वाकला.

“माफ करा. बाहेर एक गृहस्थ आहेत. याच टेबलावरचे म्हणताहेत. वेळ संपलीय, पण आपण हो म्हणालात तर सोडतो.”

धाकटीने वळून बघितलं. काचेच्या दारापलीकडे ऑडिटर उभे होते. कोटाची सगळी बटणं लावलेली, केस ओले करून बसवलेले. ते तिच्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर रिकाम्या खुर्च्यांवर होती, मग शेजारच्या टेबलांवर, मग खांबांमागे. तिला उमगलं. ते जेवायला आलेले नव्हते. बोळीतला कोट नाहीसा झाला असणार, आणि तो कोणाच्या अंगावर आहे ते बघायला ते आले होते. साडूच्या अंगावर आपला कोट. हे दृश्य चुकू नये म्हणून धावत जिना उतरले असणार. म्हणजे भावोजींनी तो घातला नव्हता, नाहीतर ते एव्हाना इथे असते. (खोल्या आवरणाऱ्याने तो इस्त्रीला टाकलेला समजून नेला, आणि कठडा रिकामा बघून साहेबांनी कोट काढून घेतला असं ठरवून भावोजी एकटेच वर गेले, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.)

“एकटेच आहेत?” तिने विचारलं.

“एकटेच.”

ताई अर्धी उठलीही होती. “मी जाऊन यांना शोधते. वर एकटे असतील. बोलावून आणते, मग चौघं—”

धाकटीने तिच्या मनगटावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. ताई तशीच, ना उभी ना बसलेली, क्षणभर राहिली.

धाकटीला माहीत होतं, ऑडिटर आत आले तर काय होईल. कोट कुठे गेला, कोणाच्या ताब्यात होता, शेवटचा कोणी बघितला, याची तपासणी गोड पदार्थापर्यंत चालेल. ताई चौकशीची उत्तरं देत बसेल, आणि ती जे शोधत होती ते परत आत जाईल. पुढच्या महिन्यात फोनवर पुन्हा, छान आहे की.

“त्यांना सांगा,” ती दारावरच्या माणसाला म्हणाली, “त्यांचे साडू वर बुफेला आहेत. दोघांनी मिळून जेवून घ्यावं. आमचं अजून व्हायचंय.”

माणसाने मान झुकवली. तो काचेपलीकडे जाऊन बोलताना दिसला. ऑडिटरांनी दोनदा काहीतरी विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि मग पहिल्यांदा बायकोकडे बघितलं. तिने हात हलवला, बसमध्ये बसल्यावर खालच्या माणसाला हलवतात तसा. मग ऑडिटरांनी कोटाचं वरचं बटण सोडलं आणि जिन्याकडे वळले.

“रागावतील,” ताई म्हणाली.

“रागावू देत. बस तू.”

ताई बसली. या खेपेला पाठ टेकवून. वाढणाऱ्याने पुढची ताटं मांडली, झाकणं एकदम उचलली, आणि कोणी न बोलावता निघून गेला.

“हं,” धाकटी म्हणाली. “मला, म्हणालीस. पुढे?”

ताईने काटा हातात घेतला, बघितला, परत ठेवला.

“मला जायचं नाहीये असं नाही,” ती सावकाश म्हणाली. “पण मला तिथे स्वयंपाकघरातली एक शेगडी माझी म्हणून हवीय. एवढंच. हे त्याला कसं सांगायचं ते कळत नाहीये. सांगितलं तर त्याला वाटेल, आई सुनेवर रुसली.”

“तू नको सांगूस. मी सांगते.”

“तू नको. निरोप्याचं काम तू फार केलंस.” ताईने ताट जवळ ओढलं. “मीच सांगते. कसं सांगू ते आपण ठरवू. घाई आहे का तुला?”

“नाही,” धाकटी म्हणाली. “मला कुठे जायचंय?”