चंदरचा श्वास

कबनूरला रुद्रय्यांचे आठ यंत्रमाग होते, पण जीव सगळा चंदर नावाच्या घोड्यात. शर्यतीत चंदरवर त्यांची मुलगी शांभवी बसायची. पोरगी घोड्यावर बसते म्हणून भावकी नाक मुरडायची, तेव्हा रुद्रय्या मोठ्यानं सांगायचे, "बसू दे की! माझी हाय ती."

तीन शर्यती जिंकून झाल्यावर चंदर मागं पडायला लागला. निम्मं अंतर उडत जायचा आणि मग ढिला पडायचा.

"आप्पा, जोरात पळताना त्याच्या घशातनं आवाज येतोय," शांभवी म्हणाली. "करवत चालल्यागत. त्याला श्वास पुरत न्हाय."

रुद्रय्यांनी डॉक्टर आणले. त्यांनी तबेल्यात उभ्या घोड्याच्या नाकातून नळीचा कॅमेरा घालून घसा पाहिला. "आत्ता तरी काही दिसत नाही," ते म्हणाले, "पण पळताना बघायला पाहिजे." रुद्रय्यांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

पुढच्या शर्यतीत निम्म्यातच शांभवीनं लगाम खेचला आणि चंदरला चालवत परत आणलं. मैदानात हशा पिकला. रुद्रय्यांचं डोकं फिरलं.

"घोड्याला काय झालं न्हाय. तुझ्यातच दम न्हाय. उतर खाली!"

ती उतरली. महिन्याभरात तिनं कागलच्या एमआयडीसीत नोकरी धरली आणि तिकडंच खोली घेतली. चंदरवर अंबादास नावाचा नवा स्वार आला, हाताचा जड. फटके खात चंदर पळत राहिला. कधी तिसरा यायचा, कधी शेवटचा.

दीड वर्षानं सराव चालू असताना चंदर एकदम थांबला. पाय फाकून, मान लांब करून तो घरघरत उभा राहिला. त्याची जीभ निळसर पडली होती. आता मात्र रुद्रय्या घाबरले.

या खेपेला डॉक्टर अवंतिका आल्या. दोन दिवस विश्रांती देऊन त्यांनी घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्याला छोटा कॅमेरा बांधला, त्याची नळी नाकातून घशापर्यंत सोडली आणि चंदरला थोडंच पळवलं. मग रुद्रय्यांना चित्रण दाखवलं. श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन झडपा होत्या. वेग वाढला तशी डावी उघडेना. उलट दर श्वासाला आत ओढली जाऊन वाट बुजवत होती.

"तिची नस अधू झालीय," त्या म्हणाल्या. "कामचुकार नाही हा. अर्ध्या श्वासावर पळत होता."

"किती दिवसांपासनं?"

"आवाज कधीपासून येतोय?"



शस्त्रक्रिया झाली. घरघर कमी झाली, पण शर्यत कायमची सुटली. महिन्याभरानं रुद्रय्या कागलला गेले आणि पाळी सुटेपर्यंत कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. शांभवी बाहेर आल्यावर त्यांनी सगळं सांगितलं.

"तुझंच बरोबर होतं. मी ऐकलं न्हाय."

"मला बोललासा त्याचं काय न्हाय, आप्पा," ती म्हणाली. "पर त्याला मार खायला लावलासा की."

दोघं रस्त्यानं चालू लागले. मग तिनं विचारलं, "आता कसा हाय?"

"बरा हाय. मी जवळ गेलो की मागं सरतोय. रविवारी येतीस?"

"येते. बसायला न्हाय."

रविवारी ती आली आणि चंदरच्या अंगावरून ब्रश फिरवू लागली. चंदर डोळे अर्धे मिटून उभा होता. रुद्रय्यांनी आत एक पाऊल टाकलं, तसे त्याचे कान मागं गेले. रुद्रय्या हळूच बाहेर आले आणि तिचं आवरेपर्यंत दाराबाहेरच थांबले.