लिंबाच्या गोळ्या

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. चाळीस वर्षं तोंडात टाचण्या धरून शिवणकाम केलं, त्यामुळे त्यांनी कुणाशी वाद घातल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. बोलण्याचं खातं बायकोकडे. तिला सगळी गल्ली मावशी म्हणायची. नवऱ्याच्या तोंडात टाचण्या दिसल्या की मावशीला जोर चढायचा. दूध करपलं, सासूबाईंची बांगडी हरवली, असल्या बातम्या तिने नेमका हाच मोका साधून सांगितल्या होत्या. मास्तर 'हूं' म्हणायचे आणि विषय मिटायचा.

आता शिलाई मशीन झाकून ठेवलेलं होतं आणि मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत. हृदय पार थकलं होतं. दोन पायऱ्या चढल्या की धाप, आडवं झालं की जीव घाबरा, म्हणून झोपसुद्धा उशांना टेकून, बसल्या बसल्या. पाणी दिवसाला दीडच लिटर, खुणा केलेल्या बाटलीतून. त्यात लघवी होण्याची औषधं. तोंड सुकून नुसतं लाकूड व्हायचं.

"अगं, एक घोट दे ना," ते म्हणायचे.

मावशी बाटलीवरची खूण बघायची, मन घट्ट करायची आणि डब्यातली लिंबाची गोळी त्यांच्या हातावर ठेवायची. पाणी नाही तर नाही, तोंडाला ओल तरी सुटेल. असं दिवसातून दहा-बारा वेळा.

शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता छातीत हृदयाला मदत करणारा पंप बसवावा लागेल, आणि तोही लवकर. "पण आधी दातांच्या डॉक्टरांचं पत्र आणा. हिरड्यांतले जंतू रक्तातून पंपापर्यंत पोचले तर केलेलं सगळं पाण्यात जाईल."

दातांची डॉक्टर वयाने लहान पण भारी ठाम होती. तिने खुर्ची आडवी केलीच नाही. मास्तरांना ताठ बसवलं आणि स्वतः वाकून उभी राहिली. पुढच्या दातातली बारीक खाच बघून ती हसली.

"दोरा दातांनी तोडता ना?"

मास्तरांनी गुन्हा कबूल केला. मग आरसा मागे दाढांकडे सरकला आणि तिचं हसू मावळलं.

"दोन दाढा काढाव्या लागतील. बाकीचे दातही हिरडीपाशी किडलेत. दिवसभर गोड काय चघळता?"

मावशीच्या पर्समध्ये त्या क्षणीही पाच गोळ्या होत्या.

"लिंबाच्या गोळ्या," मास्तर म्हणाले. "मीच खातो, चोरून. हिला पत्ताच नाही."

ज्या तोंडाला जन्मात कधी कुलूप लागलं नव्हतं, ते मावशीचं तोंड त्या दिवशी उघडलंच नाही.

मास्तर रक्त पातळ करण्याचं औषध घेत; दाढा काढताना त्याचं काय करायचं, ते दातांच्या डॉक्टरने हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं. मग दोन सकाळी एकेक दाढ निघाली, बाकीचे दात भरून झाले. घरी ओल्या कापसाने ओठ पुसायचे, बिनसाखरेचं च्युइंगगम चघळायचं आणि दोन्ही वेळा बसून दात घासायचे. उभ्याने घासताना धाप लागते म्हणून मास्तर अर्ध्यातच ब्रश ठेवून देत, हेही तेव्हाच बाहेर पडलं. मग ब्रश मावशीनेच हातात घेतला.

ती रोज ठरवायची, आज यांच्यापाशी चूक कबूल करू. पण पत्र मिळालं नाही तर पंप नाही, आणि पंप नाही तर... पुढचा विचार तिच्याच्याने होत नसे. ती मुकाट्याने दात घासून द्यायची आणि स्वयंपाकघरात पळायची.

चौथ्या आठवड्यात पत्र मिळालं. तोंडात जंतुसंसर्ग नाही, शस्त्रक्रियेला हरकत नाही. मावशीने ते दोनदा वाचलं आणि मशीनच्या खणात जपून ठेवलं.

त्या संध्याकाळी मास्तरांच्या गळ्यात टॉवेल होता, तोंडात ब्रश आणि तोंडभर फेस.

"गोळ्या मी देत होते," मावशी म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात आणि मी बोलू दिलं. तुम्हाला काही झालं असतं तर? माझ्याच हातानं..." ब्रश थांबला. "मला तुमच्याशिवाय राहता येणार नाही हो."

मास्तर 'हूं' म्हणाले नाहीत. त्यांनी तिचं मनगट धरून ब्रश बाहेर काढला, भांड्यात थुंकले आणि दम खाल्ला.

"लिंबाची गोळी मला कधीच आवडली नाही. आंबटढाण."

"मग घेत कशाला होतात?"

"गोळी द्यायला तू उठून यायचीस. घटकाभर शेजारी बसायचीस. आता चेहरा पाडून येतेस न् पळतेस." ते पुन्हा थांबले, श्वास जमवला. "गोळ्या बंद झाल्या ते बरंच झालं. तू येणं बंद करू नकोस."

मावशीने पदराने डोळे पुसले, स्टूल ओढलं आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आ करा," ती म्हणाली. "डावी बाजू राहिलीय."